किनाऱ्यावरच्या तेलसाठ्याचा पर्यावरणीय आघात कसा तपासावा: कामाचा क्रम, आकडेमोड आणि नेहमीच्या चुका

किनाऱ्यालगतच्या तेलसाठा केंद्रांचे आघात अहवाल वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. पाण्याचे नमुने असतात, हवेचे आकडे असतात, पक्ष्यांची लांबलचक यादी असते, शेवटी लाल-पिवळा-हिरवा तक्ताही असतो. पण टाकी फुटली तर तेल कुठल्या गटारातून, किती वेळात, कोणत्या खाडीत उतरेल, हे तीनशे पानांत कुठे सापडत नाही. कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. नमुने आधी घेतले जातात आणि प्रश्न नंतर सुचतात.

हा लेख असे मूल्यांकन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे, आणि दुसऱ्याने केलेले मूल्यांकन तपासण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठीही. परवानगीचे अर्ज आणि कायद्याची कलमे प्रत्येक देशात वेगळी असतात. त्यात न शिरता प्रत्यक्ष काम कसे करायचे तेवढेच इथे पाहू.

## टप्पा १: प्रकल्प कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते लिहून काढा

पहिली चूक इथेच होते. प्रकल्प म्हणजे कुंपणाच्या आतल्या टाक्या, असे धरून काम सुरू होते. प्रत्यक्षात तेल जहाजातून येते, जेट्टीवरच्या लोडिंग आर्ममधून, म्हणजे जहाजाला जोडायच्या हलत्या नळीतून, पाइपलाइनमध्ये उतरते, तिथून टाकीत आणि टाकीतून टँकर-ट्रकमध्ये किंवा दुसऱ्या पाइपलाइनमध्ये जाते. जहाज लागण्यासाठी खाडीतला गाळ उपसावा लागतो आणि तो कुठेतरी टाकावाही लागतो. यातला एखादा दुवा 'दुसऱ्या कंपनीचा' म्हणून वगळला, तर तुम्ही अर्ध्या प्रकल्पाचा अहवाल लिहीत आहात. गळतीची बरीच शक्यता हाताळणीच्या जागी असते: आर्म जोडताना, सोडताना, टाकी भरत आली असताना.

हद्द ठरली की साठ्यात काय काय असेल याची यादी मागा. 'पेट्रोलियम पदार्थ' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण प्रत्येक तेलाची चाल निराळी असते. पेट्रोलचा मोठा भाग एक-दोन दिवसांत उडून जातो. त्याचा धोका आग, वाफ आणि भूजल यांच्याशी जास्त जोडलेला आहे. डिझेल उथळ पाण्यात मिसळून तिथल्या जिवांना बाधते. जड इंधन तेल पहिल्या काही दिवसांत दहा टक्केही उडत नाही, ते किनाऱ्यापर्यंत पोचतेच. कच्चे तेल लाटांमध्ये घुसळून पाणी धरते आणि त्याचे आकारमान तीन-चार पट वाढू शकते. सांडलेल्या हजार घनमीटरची सफाई मग तीन-चार हजार घनमीटरची होते. प्रत्येक पदार्थाची घनता, चिकटपणा आणि गोठणबिंदू लिहून घ्या. पुढची सगळी आकडेमोड याच आकड्यांवर उभी राहणार आहे.

तपासा: जहाजाच्या नळीपासून शेवटच्या ट्रकपर्यंत एकच रेषा न तुटता काढता येते का? जिथे तुटते तिथे हद्द चुकली आहे.

## टप्पा २: नमुन्यांच्या आधी तेलाच्या वाटा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर अख्ख्या कामाचे यश यावर ठरते.

जागेचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा घ्या आणि प्रत्येक टाकीपासून पाण्याकडे जाणारा उतार रंगवा. मग तो नकाशा हातात धरून चालत जा, शक्यतो पाऊस पडत असताना. पावसाचे पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तेल जाईल. गटारांची तोंडे, भिंतीतली भोके, केबलचे चर, शेजारच्या प्लॉटमध्ये उघडणारे नाले यांतले बरेच काही आराखड्यावर नसते.

पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ २ जानेवारी १९८८ रोजी डिझेलची एक टाकी भरत असतानाच उभी फाटली. टाकी जुनी होती, दुसऱ्या जागेवरून आणून पुन्हा उभारलेली. सुमारे १ कोटी ४४ लाख लिटर तेल एकदम बाहेर आले. डाइक, म्हणजे टाकीभोवतीची बंदिस्त भिंत, तिथे होती. पण लोट तिच्यावरून उसळून गेला, शेजारच्या आवारातल्या पावसाळी गटारात शिरला आणि मोनोंगाहेला नदीत २८ लाख लिटरच्या आसपास डिझेल उतरले. कुंपणाबाहेरच्या त्या गटारापर्यंत नकाशा गेला असता तर वाट आधीच दिसली असती.

वाटा काढताना एक तांत्रिक सापळा सांभाळा. जमिनीची उंची सहसा सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. समुद्री चार्टवरची खोली मात्र चार्ट-शून्यापासून मोजलेली असते, आणि ते शून्य नीचतम ओहोटीच्या जवळ असते. दोन्ही आकडे रूपांतर न करता एकाच नकाशावर बसवले, तर मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावर मीटर-दोन मीटरचीही गफलत होते. 'टाक्या उधाणाच्या पातळीपेक्षा दोन मीटर उंच' हे वाक्य अशा गफलतीतून जन्माला आलेले मी पाहिले आहे. चूक दुरुस्त केल्यावर ती उंची जवळपास शून्यावर आली.

मासेमारांना आणि खाडीकाठच्या लोकांना याच टप्प्यावर भेटा. अहवाल छापून झाल्यावर होणारी सुनावणी यासाठी फार उशिराची असते. ओहोटीला कुठला ओढा कुठे वळतो, वाहून आलेला कचरा कोणत्या कोपऱ्यात साचतो, कोणत्या महिन्यात कोणती माशांची पिल्ले खाडीत येतात, हे त्यांना ठाऊक असते. कचरा साचणारा कोपरा म्हणजे बहुधा तवंग साचणारा कोपरा. त्यांनी सांगितलेल्या जागा नकाशावर त्यांच्यासमोरच खुणा करून घ्या.

सावधान: वाटांचा नकाशा तयार होईपर्यंत प्रयोगशाळेला नमुन्यांची ऑर्डर देऊ नका. 'पाच किलोमीटरच्या परिघात आठ ठिकाणे' असा गोल काढून केलेले नमुने दिसायला नीटनेटके असतात, पण पाणी गोलात वाहत नाही.

## टप्पा ३: आजची स्थिती मोजा

आता नमुन्यांच्या जागा आपोआप सुचतात. प्रत्येक वाट जिथे पाण्याला मिळते तिथे एक, साचण्याच्या कोपऱ्यात एक, संवेदनशील अधिवासात काही, आणि प्रकल्पाचा परिणाम पोचणार नाही अशा, पण बाकी सारखेच असणाऱ्या दोन-तीन तुलनेच्या जागा. तुलनेच्या जागा नसतील तर पुढे कधी शिंपले मेले तर ते तेलाने की त्या वर्षीच्या गोड्या पाण्याच्या पुराने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पाण्यापेक्षा गाळाकडे जास्त लक्ष द्या. पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलते. गाळ वर्षानुवर्षांचा हिशेब धरून ठेवतो. गाळात एकूण हायड्रोकार्बन, पीएएच म्हणजे बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बन, जड धातू, सेंद्रिय कार्बन आणि कणांचा आकार हे सगळे एकाच नमुन्यातून मोजा. शेवटचे दोन आकडे अहवालांत बहुतेक वेळा नसतात आणि त्यांच्यावाचून तुलनाच होत नाही. बारीक चिखल तेल धरतो, वाळू धरत नाही. चिखलाची एक जागा आणि पुळणीची एक जागा घेऊन 'इथे प्रदूषण जास्त' म्हणणे निरर्थक आहे.

गाळात राहणारे जीव मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चाळण वापरा आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन स्वतंत्र नमुने घ्या. एकाच नमुन्याचे तीन भाग करणे म्हणजे तीन नमुने नव्हेत.

हायड्रोकार्बनचे नमुने प्लॅस्टिकच्या बाटलीत भरू नका. प्लॅस्टिक तेल शोषते आणि स्वतःतली रसायने सोडते. गडद काचेची बाटली, टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण, आणि लगेच बर्फात. नमुने घेणाऱ्या बोटीच्या इंजिनाच्या धुराड्याच्या बाजूने हात बाहेर काढू नका. बोटीचे डिझेल 'खाडीतले प्रदूषण' म्हणून नोंदले जाते. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना, म्हणजे स्वच्छ पाण्याने भरून तेवढाच प्रवास घडवलेली बाटली, सोबत पाठवा.

वेळेचे काय? उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेजवळची मोठी) भरती आणि भांगाची (अष्टमीजवळची लहान) भरती दोन्हींत मोजा, भरतीत आणि ओहोटीतही. पाण्याचा प्रवाह सलग किमान पंधरा दिवस नोंदवला तर उधाण-भांगाचे एक पूर्ण चक्र हाती येते. जैविक पाहणी सगळ्या ऋतूंत व्हायला हवी. स्थलांतरित पक्षी ज्या महिन्यांत नसतात त्या महिन्यांत पाहणी करून 'महत्त्वाचे पक्षी आढळले नाहीत' असे लिहिणे ही चूक इतकी नेहमीची आहे की ती नेहमी नकळतच होते यावर माझा विश्वास नाही.

जागेवर पूर्वी काही उद्योग असेल तर जमिनीखालची जुनी घाण आत्ताच शोधा. नंतर सापडली तर ती कुणाची यावरून वर्षे जातात.

भूजलासाठी निरीक्षण विहिरी खोदताना एक बारकावा आहे. तेल पाण्यावर तरंगते. विहिरीच्या नळीचा जाळीदार भाग भूजलपातळीच्या खाली बुडालेला असेल तर वर तरंगणारे तेल आत येतच नाही आणि विहीर वर्षानुवर्षे 'स्वच्छ' अहवाल देत राहते. किनाऱ्यावर भूजलाची पातळी भरतीबरोबर वर-खाली होते, म्हणून जाळी सर्वांत वरच्या पातळीच्याही वर सुरू व्हावी आणि सर्वांत खालच्या पातळीच्या खाली संपावी.

तपासा: प्रत्येक नमुन्यापुढे तारीख, वेळ, भरतीची स्थिती, खोली आणि अचूक स्थान आहे का? यातले एक जरी नसेल तर त्या आकड्याची तुलना पुढे करता येणार नाही.

## टप्पा ४: काय सांडू शकते आणि किती

किमान चार प्रसंग घ्या: जेट्टीवर नळी किंवा आर्म तुटणे, पाइपलाइनला गळती, टाकी भरून वाहणे, आणि टाकी फुटणे. 'कमाल' आणि 'बहुधा घडणारा' असे दोन्ही आकडे काढा.

नळी तुटण्याचा हिशेब करताना पंपाचा वेग आणि बंद करायला लागणारा वेळ यांचा गुणाकार सगळे करतात. पुढचा भाग विसरतात. समजा तासाला २,००० घनमीटर तेल उतरते आहे. तुटल्याचे लक्षात येऊन झडप बंद व्हायला सात मिनिटे लागली, तर २३३ घनमीटर सांडले. पण झडप टाकीजवळ असेल आणि जेट्टीपर्यंतची दोन किलोमीटरची, आतून अर्धा मीटर व्यासाची लाइन जेट्टीकडे उतरती असेल, तर तिच्यात ३९० घनमीटरच्या वर तेल आहे. झडप बंद झाल्यावरही ते बाहेर येऊ शकते. म्हणजे अहवालातला आकडा खऱ्या कमाल आकड्याच्या जेमतेम एक-तृतीयांश ठरतो. जेट्टीच्या टोकालाही झडप बसवली की हा भाग बराचसा आटोक्यात येतो. हिशेब नीट केला की उपाय असा आपसूक पुढे येतो.

बंद करायला लागणारा वेळ माहितीपत्रकातून उचलू नका. झडप बंद व्हायला तीस सेकंद लागत असतील, पण गळती रात्री पावसात कुणाच्या लक्षात यायला किती वेळ लागेल? टाकीतल्या पातळीच्या मापकावर अवलंबून राहायचे असेल तर बन्सफील्ड आठवावे. इंग्लंडमधल्या या साठा केंद्रात ११ डिसेंबर २००५ रोजी पातळीमापक अडकून राहिला, वरची स्वतंत्र सुरक्षा-कळही चालली नाही, आणि पेट्रोल टाकीवरून वाहत राहिले. पुढे जो स्फोट आणि आग झाली त्यात वीसहून अधिक टाक्या सापडल्या.

## टप्पा ५: डाइकचे गणित स्वतः करा

'डाइकची क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक अहवालात असते. ते मान्य करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

उदाहरण घेऊ. एका डाइकमध्ये ४० मीटर व्यासाच्या, १६ मीटर उंचीच्या दोन सारख्या टाक्या. एकीची क्षमता सुमारे २०,१०० घनमीटर. ११० टक्के म्हणजे २२,१००. डाइकची आतली मापे १२० बाय १०० मीटर, भिंत दोन मीटर. गुणाकार २४,००० घनमीटर. वरवर पाहता पुरेसे.

आता वजाबाकी. फुटली नाही ती दुसरी टाकी डाइकमध्ये जागा अडवून उभी आहे: सुमारे २,५०० घनमीटर. उरले २१,५००. म्हणजे ११० टक्क्यांची अट इथेच मोडली. त्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला असेल आणि पाणी बाहेर काढलेले नसेल तर आणखी १,२०० गेले. उरले २०,३००, टाकी कशीबशी मावते. आणि आग लागली तर? मिनिटाला १५,००० लिटर पाणी चार तास मारले तर ३,६०० घनमीटर पाणी त्याच भिंतीत येते. त्यावर तेल तरंगून आधी तेलच भिंतीवरून बाहेर जाईल.

बन्सफील्डला आगीचे पाणी, फेस आणि इंधन यांचे मिश्रण डाइकच्या काँक्रीटमधल्या सांध्यांतून झिरपले आणि खालच्या चुनखडकातल्या भूजलात गेले. तेव्हा क्षमतेइतकेच सांधेही पाहा: भिंतीतून पाइप जातो तिथे काय भरले आहे, तळ मातीचा आहे की अस्तराचा, आग लागल्यावर सांध्यातला मसाला टिकतो का. फेसात फ्लोरिनयुक्त रसायने असतील तर ती निसर्गात विघटित होत नाहीत. आगीचा परिणाम फक्त धुरापुरता लिहू नका.

भिंत पुरेशी असली तरी टाकी एकदम फुटली तर तेलाची लाट भिंतीवर आदळते. जपानमधल्या मिझुशिमा इथे १८ डिसेंबर १९७४ रोजी पाया खचल्याने एका टाकीचा तळ फाटला. बाहेर पडणाऱ्या लोटाने टाकीचा जिना उखडून डाइकवर फेकला, डाइक फुटला, आणि हजारो किलोलिटर जड तेल सेतो अंतर्समुद्रात गेले. भरावाच्या किनारी जमिनीवर टाक्या असतील तर पाया खचण्याचा अभ्यास अभियांत्रिकी प्रकरणात टाकून मोकळे होऊ नका. तो पर्यावरणाचा मुद्दा आहे.

सावधान: डाइकचे पाणी बाहेर सोडणारी झडप उघडी राहिली तर वरचे सगळे गणित फोल आहे. ती एरवी बंद असते का, कुलूप कुणाकडे असते, उघडल्याची नोंद कुठे होते हे जागेवर जाऊन विचारा. बाहेरून पाहताच ती उघडी की बंद हे कळले पाहिजे.

### पूर आला तर टाकी तरंगते

किनाऱ्यावर हा हिशेब वेगळा करावा लागतो आणि तो क्वचितच केलेला दिसतो. ४० मीटर व्यासाच्या टाकीभोवती एक मीटर समुद्राचे पाणी चढले, तर ते तिला सुमारे १,२९० टन जोराने वर उचलते. रिकाम्या टाकीच्या पोलादाचे वजन याहून बरेच कमी, काही शे टनच असते. म्हणजे रिकामी टाकी मीटरभर पाण्यातही उचलली जाऊ शकते.

कॅटरिना वादळात, २००५ मध्ये, लुइझियानातल्या मेरो इथे नेमके हेच घडले. अडीच लाख बॅरल क्षमतेच्या टाकीत सुमारे ६५,००० बॅरल कच्चे तेल होते. पुराने टाकी पायावरून सरकवली आणि २५,००० बॅरलहून अधिक तेल शेजारच्या वस्तीत पसरले.

टाकी तरंगू नये म्हणून तिच्यात तेल किती उंच हवे, याचे टाकीचे वजन सोडून देऊन सोपे सूत्र: पुराच्या पाण्याची खोली गुणिले समुद्राच्या पाण्याची घनता, भागिले तेलाची घनता. दोन मीटर पुरासाठी डिझेल (०.८५) सुमारे २.४ मीटर हवे, पेट्रोल (०.७४) सुमारे २.८ मीटर. त्याहून कमी भरलेल्या सगळ्या टाक्यांची यादी वादळाआधी कोण करणार, आणि त्या कशाने भरणार? अहवालात याचे उत्तर हवे. वादळी लाटेची पातळी ठरवताना टाक्यांच्या आयुष्यभरातली समुद्रपातळीची वाढ आणि भरावाची जमीन खचणे, दोन्ही त्यात धरा.

## टप्पा ६: तवंग कुठे जाईल

संगणकीय मॉडेलच्या आधी एक ढोबळ हिशेब हाताने करा. तवंग प्रवाहाच्या पूर्ण वेगाने आणि वाऱ्याच्या सुमारे तीन टक्के वेगाने सरकतो. वारा सेकंदाला १० मीटर असेल तर त्याचा वाटा ०.३ मीटर. प्रवाह त्याच दिशेला सेकंदाला अर्धा मीटर असेल तर एकूण ०.८, म्हणजे तासाला जवळपास २.९ किलोमीटर. चार किलोमीटरवरची खारफुटी दीड तासाच्या आत गाठली जाते.

आता त्याच अहवालातले उपायांचे प्रकरण उघडा. 'तेलरोधक बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) दोन तासांत टाकला जाईल' असे लिहिलेले असेल, तर खारफुटी वाचवण्याचा उपाय कागदापुरताच आहे. शिवाय पाण्याचा वेग सेकंदाला ०.३५ मीटरच्या वर गेला की आडव्या लावलेल्या बूमखालून तेल निसटते, मग बूमची पाण्याखाली लोंबणारी झालर कितीही खोल असो. अर्धा मीटर वेगाच्या प्रवाहात बूम तिरका लावावा लागतो आणि त्यासाठी नांगरांच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात. एवढ्या दोन ओळींच्या हिशेबावर बरेच उपाय कोसळतात.

मग मॉडेल. अनेक वर्षांचे वारे आणि प्रवाह घेऊन शंभराहून अधिक वेळा गळती चालवून बघा आणि प्रत्येक किनाऱ्यासाठी दोन गोष्टी काढा: तेल पोचण्याची शक्यता आणि पोचायला लागणारा कमीत कमी वेळ. त्यातून सर्वांत वाईट एक-दोन प्रसंग निवडून ते स्वतंत्र दाखवा. शक्यतेचा नकाशा म्हणजे एका गळतीचा तवंग नव्हे, हे नकाशाखाली ठळक लिहा. लोक तो तसाच वाचतात, आणि घाबरतात किंवा उलट 'शक्यता फक्त ८ टक्के' म्हणून निश्चिंत होतात.

तवंगाच्या क्षेत्रफळालाही भुलू नका. एक घनमीटर तेल एक मायक्रॉन जाडीने पसरले तर एक चौरस किलोमीटर व्यापते. इंद्रधनुषी चकाकी दिसते ती साधारण ०.३ ते ५ मायक्रॉनच्या थरात. क्षेत्रफळ मोठे म्हणजे तेल जास्त, असे नाही. किनाऱ्याच्या दर मीटरला किती लिटर लागते हा आकडा मागा.

किनाऱ्यांची संवेदनशीलता ठरवायला जगभर १ ते १० अशी श्रेणी वापरतात. लाटा झेलणारा उघडा कातळ १, कारण समुद्र तो स्वतः धुतो; खारफुटी आणि खाजण १०, कारण तिथे शिरलेले तेल बाहेर काढता येत नाही. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर १९८६ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याची टाकी फुटून तेल गॅलेटाजवळच्या खारफुटीत शिरले. पाच वर्षांनंतरही तिथल्या गाळातून तेल बाहेर येत होते. म्हणून 'परिणाम तात्पुरता' हा शब्द खारफुटीसमोर वापरण्याआधी दहादा विचार करा.

## टप्पा ७: रोजचे परिणाम

मोठ्या गळतीच्या नादात हे मागे पडतात, पण हे नक्की घडणारे आहेत.

टाकीतून वाफ रोज बाहेर जाते: दिवसा तापून, आणि भरताना वरची हवा ढकलली जाऊन. पेट्रोलसाठी तरंगते छत (तेलाच्या पातळीबरोबर वर-खाली होणारे) आणि त्याच्या कडेला दुहेरी सील असेल तर ती बरीच कमी होते. जहाज भरतानाची वाफ वेगळी मोजा. बेंझिनचा, म्हणजे पेट्रोलच्या वाफेतल्या विषारी घटकाचा, आकडा कुंपणाशी आणि जवळच्या घराशी, दोन्हीकडे हवा.

टाकीच्या तळाचे पाणी, तळाचा चिकट गाळ, ट्रक धुण्याचे पाणी यांची मात्रा आणि त्यांचे शेवटचे ठिकाण लिहा. 'अधिकृत संस्थेकडे दिले जाईल' हे ठिकाण नव्हे.

सर्वांत हमखास विसरले जाते ते चाचणीचे पाणी. टाकी वापरात आणण्याआधी ती पाण्याने भरून तपासतात. वरच्या उदाहरणातल्या एका टाकीला २०,००० घनमीटर पाणी लागेल. ते कुठून आणणार? गंज, माती आणि घातलेली जंतुनाशके यांसह कुठे सोडणार? तेल येण्याआधीच खाडीला बसणारा हा पहिला धक्का असतो.

गाळ उपसण्याबाबत एवढेच: उपसलेल्या गाळात जुने तेल आणि धातू आहेत का हे टप्पा ३ मध्ये कळलेच असेल. पिल्लांच्या हंगामात उपसा नको.

## टप्पा ८: महत्त्व ठरवताना गुणाकार जपून

शक्यता गुणिले तीव्रता हा तक्ता सोयीचा आहे आणि फसवाही. ट्रकचा आवाज: शक्यता ५, तीव्रता १, गुण ५. टाकी फुटून खारफुटी मरणे: शक्यता १, तीव्रता ५, गुण ५. दोन्ही एकाच रंगात येतात. त्यामुळे रोजचे परिणाम आणि अपघाती परिणाम वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवा. अपघाताच्या तक्त्यात तीव्रता सर्वोच्च असेल तर शक्यता कितीही कमी असो, तो मुद्दा उपायांच्या यादीत जायलाच हवा.

सरासरी काढू नका. अकरा 'किरकोळ' आणि एक 'गंभीर' यांची सरासरी 'किरकोळ'च्या जवळच येते. त्या सरासरीला काही अर्थ नाही.

शेजारी आणखी दोन साठा केंद्रे आणि एक बंदर असेल तर एकत्रित परिणाम मोजा. जहाजांची संख्या, बेंझिन आणि उपसा यांची बेरीज होते. शेजाऱ्याची आग तुमच्या डाइकपर्यंत येते का, तेही.

## टप्पा ९: उपाय आणि देखरेख

उपायांचा क्रम ठरलेला आहे: आधी टाळा, मग कमी करा, मग दुरुस्त करा, आणि शेवटी भरपाई. अहवालांत सुरुवातच भरपाईच्या झाडांपासून होते. टाक्या दोनशे मीटर मागे घेतल्या तर? जड तेल या जागी ठेवलेच नाही तर? जेट्टीची दिशा बदलली तर? पर्यायांच्या प्रकरणात हे खरोखर तोललेले असावे. आधीच घेतलेल्या निर्णयाला मागाहून कारणे पुरवण्याचे ते पान नव्हे.

प्रत्येक उपायापुढे चार रकाने ठेवा: कोण करणार, कधीपर्यंत, पैसे कुठून, आणि झाले हे कशावरून कळणार. 'शक्य तिथे', 'आवश्यकतेनुसार', 'योग्य ती काळजी' हे शब्द शोधून काढून टाका. त्यानंतर जे रिकामे उरते तेवढे उपाय अजून ठरायचे आहेत.

देखरेखीच्या जागा टप्पा ३ मधल्याच ठेवा, तीच पद्धत, तीच चाळण, शक्यतो तीच प्रयोगशाळा. प्रत्येक मोजणीला एक मर्यादा आणि ती ओलांडल्यावरची कृती आधीच लिहा: गाळातले पीएएच अमुक आकड्यावर गेले तर किती दिवसांत पुन्हा नमुना घ्यायचा, त्यातही वर आले तर कोणती लाइन तपासायची, कोणाला कळवायचे. मर्यादा नसलेली देखरेख म्हणजे फायलीत वाढणारे कागद.

टाकीत पहिले तेल येण्याआधी निरीक्षण विहिरींची एक फेरी पूर्ण करा. आणि केंद्रात येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या तेलाचा एक नमुना, काचेच्या बाटलीत सीलबंद, थंड आणि अंधाऱ्या जागी, तारखेसह जपून ठेवा. दहा वर्षांनी खाडीत तवंग दिसेल तेव्हा तो तुमचा की वाटेने जाणाऱ्या जहाजाचा, हे त्या बाटलीशी तुलना करून सांगता येईल.